साताऱ्याच्या बाजारातलं वर्गसाहित्य: वाचन, लेखन, गणितात अडणाऱ्या मुलांसाठी काय घ्यावं, काय ठेवून द्यावं

'स्पेशल एज्युकेशन किट' या नावानं विकली जाणारी पेटी उघडली की ठरलेल्या वस्तू निघतात: लाकडी इंग्रजी अक्षरं, रंगीत रिंगा, आकार खोचायची पाटी, प्राण्यांची चकचकीत कार्डं, एखादा फिजेट स्पिनर (बोटांवर फिरवायची भिंगरी) आणि तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. बालवाडीला हे चालून जाईल. पण चौथीतल्या ज्या मुलाला 'धार' आणि 'घार' सारखेच दिसतात, किंवा सत्तेचाळीस ऐकून जो ७४ लिहितो, त्याच्या अडचणीला ही पेटी हातही लावत नाही. अशा पेट्या शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षं कोऱ्या राहतात आणि दोष शिक्षकांच्या आळसावर जातो. खरं तर पेटी मुलाच्या नावानं घेतलेली असते. धडा नेमका कुठं अडतो ते पाहून घेतलेली नसते.

म्हणून इथं पेटी बाजूला ठेवून सुट्या वस्तू पाहू. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलं तर स्टेशनरी, झेरॉक्स, हार्डवेअर, मणी-बांगड्या हे सगळं वाटेत लागतं. सायकलवाला आणि सुतार कुठल्याही पेठेत सापडतो. कसोटी एकच धरली आहे: एक शिक्षक, तीस मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास. एवढ्यात वस्तू काढून, वापरून, परत ठेवता येते का? आणि तिच्यामुळे मूल बाकीच्या वर्गाबरोबर त्याच धड्यात राहतं का? कोपऱ्यात बसवून भलतंच काही करायला लावणाऱ्या वस्तूंना इथं गुण नाहीत.

नमुन्याला धडा घेतला आहे प्रतापगडाच्या भेटीचा. गड जिल्ह्यातलाच आणि गोष्ट पोरांना ऐकून तोंडपाठ. तरी पुस्तकातलं तेच पान समोर आलं की काहींची बोबडी वळते. अडचण समजण्याची नसून पानाची आहे, हे या धड्यात लख्ख दिसतं.

पान मोठं करून घेणं (झेरॉक्स आणि छपाई)

बहुतेक शाळा पुस्तकच झेरॉक्सच्या काचेवर ठेवतात आणि ए-४ चं ए-३ करून आणतात. मशीनवर ते १४१ टक्के येतं. अक्षर मोठं होतं, पण रंगीत पार्श्वभूमीचा करडा डाग होतो, काने-मात्रे फुगतात आणि अनुस्वार कुठं गेला ते कळत नाही. शिवाय दोघांच्या बाकावर ए-३ मावत नाही. अर्धं पान शेजाऱ्याच्या वहीखाली जातं. झेरॉक्सच करायची तर बालभारतीच्या संकेतस्थळावरची मोफत पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या आणि थेट छापून घ्या. अक्षर स्वच्छ येतं.

त्याहून बरं म्हणजे मजकूर नव्यानं टाइप करणं. त्याआधी धड्यातून काय यायला हवं ते ठरवावं लागतं. प्रतापगडाच्या धड्यात तीनच गोष्टी आहेत: भेटीसाठी जावळीची दाट झाडी आणि डोंगरदऱ्यांची जागाच का निवडली, १० नोव्हेंबर १६५९ ला क्रमानं काय घडलं, आणि त्याचा परिणाम काय झाला. एवढं १२० ते १५० शब्दांत बसतं. नावं, तारखा आणि मुख्य शब्द सोपे करायचे नाहीत. 'शामियाना' हा शब्द तसाच ठेवून शेजारी चित्र द्यायचं. सोपी करायची ती वाक्यरचना. पाठ्यपुस्तकी मराठीत धातुसाधितांची माळ असते: 'खान भेटीस येत असल्याचे समजताच महाराजांनी…' अडखळत वाचणारं मूल क्रियापदापर्यंत पोचेतो कर्ता विसरलेलं असतं. याचं 'खान भेटायला येणार होता. महाराजांना ते समजले.' असं करा. आठ-दहा शब्दांचं वाक्य, प्रत्येकाला स्वतःचं क्रियापद. लिहिताना 'समजले, झाले' ही पुस्तकी रूपं ठेवा, कारण परीक्षेत तीच येतात. बोलताना मात्र मुलाचं 'कुठं', 'हाय', 'न्हाई' दुरुस्त करत बसू नका. तो तास भाषेचा नाही.

अक्षर १८ पॉइंट. ओळींत अंतर सढळ हवं, कारण देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही कडा सारख्या केल्या की शब्दांमधली अंतरं कमी-जास्त होतात आणि नजर घसरते. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारू नका, ती उकारावरून आणि पाय मोडलेल्या अक्षरावरून जाते. ठळक करा, नाहीतर मागं फिकट राखाडी पट्टी द्या.

फॉन्टमध्ये 'मुक्ता' मोफत मिळतो आणि मोकळा दिसतो. संगणकात आधीपासून असलेल्या 'मंगल'मधले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. पहिलीत पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवलेलं मूल इथं थबकतं आणि आपल्याला वाटतं त्याला 'ल' येत नाही. कुठलाही फॉन्ट वापरा, पण तीस प्रती काढण्याआधी एक पान छापून हे दोन्ही बघा.

कागद ८० ते १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड), बिनचकाकीचा. आर्ट पेपर मागू नका, त्यावर ट्यूबलाइट चमकते. लॅमिनेशन पाहिजे असेल तर मॅट. दुकानदार सवयीनं चकचकीतच लावतो, आधी बजावून सांगा. निकाल: सगळ्या यादीत पैशाचं सर्वांत जास्त मोल इथं वसूल होतं. कष्ट शिक्षकाचे, तासाभराचे.

वाचनपट्टी

काळ्या कार्डशीटची २० सेंटीमीटर लांब, ७ सेंटीमीटर रुंद पट्टी आणि मधे खिडकी. तयार मिळतात त्यांची खिडकी इंग्रजी ओळीच्या मापाची असते. तिच्यातून मराठी ओळीची एकतर वेलांटी कापली जाते नाहीतर उकार. घरी करताना छापलेल्या पानावर एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा, तेवढीच खिडकी कापा. पट्टी लावताना शिरोरेषा खिडकीच्या वरच्या कडेला चिकटवायची नाही, वर मात्रेला जागा सोडायची. खिडकीचं डावं टोक बंद आणि उजवं उघडं ठेवलं तर ओळ कुठून सुरू होते ते बोटाला कळतं. ही बारीक गोष्ट तयार पट्ट्यांत नसते.

रंगीत पारदर्शक पट्ट्या 'डिस्लेक्सियासाठी' म्हणून ऑनलाइन बऱ्याच महाग विकल्या जातात. त्यानं वाचनदोष कमी होतो याला आधार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००९ मध्येच नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांबरोबर तसं निवेदन काढलं होतं. एखाद्या मुलाला पिवळी पट्टी आवडत असेल तर वापरू दे, पण जिलेटिनचा कागद पुरे.

अक्षरकार्डं: विकत मिळत नाहीत ती

बाराखडीचे तक्ते आणि कार्डं मुबलक आहेत, पण सगळ्यांत 'कि' हे एक अखंड चित्र असतं. मुलाची अडचण नेमकी त्या चित्राच्या आत आहे. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. डावीकडून वाचत येणाऱ्या मुलाला आधी अशी खूण भेटते जिचा आवाज अजून यायचाच आहे. म्हणून ते 'किती'चं 'कती' नाहीतर 'इकती' करतं.

यासाठी सुटी कार्डं करायची. पांढऱ्या कार्डशीटचे सात बाय सात सेंटीमीटरचे चौकोन कापा, अक्षर मधोमध काढा आणि डावीकडे दोन सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. तेवढ्याच मापाचे तुकडे पारदर्शक शीटचे कापा आणि त्यांवर पर्मनंट मार्करनं एकेक स्वरचिन्ह काढा. व्हाइटबोर्डचा मार्कर बोटानं पुसला जातो. आता 'क' ठेवायचा, मोठ्यानं म्हणायचा, मग वेलांटीची शीट त्यावर ठेवून 'कि' म्हणायचं. आवाजाचा क्रम हाताला कळतो आणि लिहिण्याचा क्रम डोळ्याला. सुरुवातीला क, म, न, र, ल, स, प, त ही आठ व्यंजनं आणि काना, दोन वेलांट्या, ऱ्हस्व उकार ही चार चिन्हं बास. पूर्ण बाराखडी एकदम काढली तर कार्डं हरवतात आणि मूलही.

'र' ला स्वतंत्र संच लागतो. 'धर्म'मध्ये रफार म वर बसतो पण उच्चार म च्या आधी; म्हणजे वेलांटीच्या बरोबर उलट भानगड. 'प्रताप'मध्ये तोच र तिरकी रेघ होऊन प च्या पोटात जातो. आणि आपल्या गावाचं नाव विभक्ती लागताच 'साताऱ्या' होतं, त्यातला र तिसराच. प्रतापगडाच्या धड्यात 'दऱ्या' येतात. त्या 'दर्या' वाचल्या की डोंगराचा समुद्र होतो. ही दोन कार्डं शेजारी ठेवून चित्रासकट दाखवावीत. इथं जोडी दाखवणं योग्य, कारण मूल दोन्ही आवाज आधीच ओळखतं.

आकारानं फसवणाऱ्या अक्षरांचं तसं नाही. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ एकाच दिवशी शेजारी ठेवून 'फरक ओळखा' करणं ही सर्रास होणारी चूक. एक पक्कं होऊ द्या, दुसरं दोन-तीन आठवड्यांनी आणा. ध, भ, थ यांची शिरोरेषा तुटलेली असते आणि मूल पूर्ण शब्दावर एकच लांब रेघ मारून ती बुजवतं. मग धार लिहूनही घार होते. या मुलांना शिरोरेषा शब्दाला एकदम न देता अक्षरागणिक द्यायला शिकवा. बरीच 'चुकीची अक्षरं' इथंच संपतात.

बोटानं गिरवायची खरखरीत अक्षरं करायची तर हार्डवेअरमधून १२० ते १५० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. ८० नंबरचा बोट सोलतो. अक्षर आठ-दहा सेंटीमीटर उंच, कागदाच्या पाठीवर उलटं काढून जुन्या कात्रीनं कापायचं (नवी कात्री वापरलीत तर ती कायमची गेली). सुरुवातीच्या जागी ठिपका द्या. ठिपका नसला तर मूल खालून वर गिरवतं आणि चुकीचं वळण पक्कं करतं.

लिहिण्याची सोय

पेन्सिलीवर चढवायची रबरी ग्रिप स्वस्त आहे म्हणून दहा घेतल्या जातात. बोटं फार दाबून धरणाऱ्या मुलाला ती उपयोगी. अक्षर घाणेरडं आहे एवढ्याच कारणानं दिली तर काही होत नाही. त्रिकोणी जाड पेन्सिल जास्त मुलांना चालते, आणि कुणी 'हे काय लावलंय' म्हणून हसत नाही. तेही महत्त्वाचं आहे.

वही दुरेघी घ्या. चौरेघी इंग्रजीसाठी असते. तयार दुरेघीतलं अंतर अरुंद वाटलं तर १२ ते १५ मिलिमीटरच्या रेघा आखून छापून घ्या. रेघ दिसत असूनही पाळता न येणाऱ्या मुलासाठी शिलाई मशीनवर दोरा न ओवता कागदावर रेघेवरून टाके मारा. मागच्या बाजूला भोकांची उठावदार रेघ तयार होते आणि पेन्सिल तिथं अडते. शंभर जीएसएमचा कागद लागतो, पातळ कागद टाक्यावरच फाटतो.

तिरकी पाटी ही सुताराकडून करून घेण्यासारखी एकमेव वस्तू. १२ मिलिमीटरचा प्लाय, ४५ सेंटीमीटर रुंद, ३५ खोल. मागची उंची १२ सेंटीमीटर ठेवली की सुमारे २० अंशांचा उतार मिळतो. पुढं एक सेंटीमीटरची पट्टी, म्हणजे वही घसरत नाही. खाली जुन्या ट्यूबचे चार तुकडे, म्हणजे पाटी बाकावरून घसरत नाही. मनगटात जोर कमी असलेल्या, मान फार वाकवणाऱ्या आणि कमी दिसणाऱ्या मुलाला ही लगेच मानवते. आधी खात्री करायची असेल तर ऑफिसची जाड बॉक्स फाइल आडवी ठेवा, कण्याची बाजू पलीकडे. साधारण १५ अंश मिळतात आणि खर्च शून्य.

लिहिणं हाच अडसर असेल तर इतिहासाच्या तासाला लिहायला लावायचंच कशाला? प्रतापगडाच्या धड्याची पाच चित्रकार्डं क्रमानं लावणं, कुठल्या कार्डानंतर गोष्ट फिरली ते बोटानं दाखवून तोंडी कारण सांगणं, यातून धडा समजला की नाही ते पूर्ण कळतं. चित्रं वर्तमानपत्रातली चालतात. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हाचे फोटो मुलांच्या ओळखीचे आहेत.

गणित

मराठी संख्यानामं एककापासून सुरू होतात. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. लिहायचा मात्र ४ आधी. ऐकलेलं डोक्यात धरून उलटवणं ज्या मुलाला जमत नाही ते ऐकल्या क्रमानं ७४ लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना बहुधा संख्या उलटी लिहिणारं मूल शिकवावं लागलं नसावं. घरीदारी, बाजारात सत्तेचाळीसच म्हणतात, त्यामुळे ते नाव टाळता येणार नाही. पण शिकवताना 'चाळीस सात' हा पूल फार उपयोगी आहे.

वस्तू म्हणाल तर दोन चौकोनांची एक चौकट पुरते. उजवा चौकोन निळा, डावा हिरवा. नियम एकच: जे आधी ऐकू येईल ते उजवीकडे. 'सत्ते' आला, ७ उजवीकडे. 'चाळीस' आला, ४ डावीकडे. तीन-चार आठवड्यांनी रंग काढा, मग चौकट काढा. ही युक्ती एका ठिकाणी आपटते: एकोणवाल्या संख्या. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतो पण ४ कुठंच नसतो, आणि मूल ४१ किंवा ४९ लिहितं. १९ पासून ८९ पर्यंत अशा आठच संख्या आहेत (नव्याण्णव पुन्हा सरळ चालीचा). त्या वेगळ्या काढा, वेगळ्या शिकवा, वर्गात पट्टीवर लावून ठेवा.

त्यासाठी मणीमाळ. दहा मिलिमीटरचे शंभर मणी, दोन रंग, दर दहाला रंग बदललेला. मणी एक मीटर भरतात, त्यात सरकायला १५ सेंटीमीटर जादा दोरी. दोरी मण्याच्या भोकात किंचित घट्ट बसली पाहिजे. सैल असली की मणी आपोआप घरंगळतात आणि मोजणी बिघडते. तयार माळांत हाच दोष जास्त. शोभेच्या रंगीबेरंगी माळा घेऊ नका, त्यात दहाचा गट दिसतच नाही. माळ मुलाच्या खांद्याच्या उंचीवर आडवी बांधा आणि आकड्याच्या चिठ्ठ्या कपड्याच्या चिमट्यानं लावा. एकोणचाळीस म्हणजे चाळीसपर्यंत जायचं आणि एक मणी मागं यायचं. 'एक उणा' हा अर्थ त्या एका मण्यात आहे.

हातच्याच्या वजाबाकीला प्लास्टिकचे दशमान ठोकळे दिसायला छान, पण दहाचा दांडा मोडत नाही. तो देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, आणि ही अदलाबदल म्हणजे कच्च्या मुलाला आणखी एक पायरी. सुरुवातीला आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्या. जुडी सोडली की दहा सुट्या झाल्या, हातचा डोळ्यासमोर. ठोकळे नंतर. पाढे पाठ न होणाऱ्या मुलाला शाब्दिक उदाहरणाच्या वेळी पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. त्या तासाला तपासायचं आहे ते उदाहरण, पाठांतर नाही.

फोनमधली मोफत साधनं

मजकूर वाचून दाखवणारा गूगलचा मराठी आवाज रोजच्या वापराला पुरेसा आहे. गती थोडी कमी करा आणि मुलाला हेडफोन द्या. तो हमखास फसतो ती जागा वेगळीच: शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका श्री-लिपी किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी चिन्हांचा कचरा असतो आणि फोन तोच वाचू लागतो. उपाय एकच, युनिकोडमध्ये (फोन आणि संगणक दोघांनाही कळणाऱ्या मराठीत) टाइप करणं. पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफही थेट वाचली जात नाही.

लाइव्ह ट्रान्सक्राइब हे बोललेलं लगेच मराठीत लिहून दाखवणारं ॲप ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी चांगलं आहे, पण शिक्षकाजवळ फोन असेल आणि एकच माणूस बोलत असेल तरच. गटचर्चेत ते कोलमडतं, आणि सातारी बोलीला अडखळतं. श्रवणयंत्राचीही मर्यादा अशीच: दोन मीटरच्या पुढं उपयोग झपाट्यानं घटतो आणि यंत्र सगळाच आवाज मोठा करतं. जावळी, पाटणच्या पत्र्याच्या वर्गात पावसाळ्यात हे ध्यानात ठेवा. मुलाला दुसऱ्या ओळीत, शिक्षकाचा चेहरा उजेडात दिसेल असं बसवा. खिडकीकडे पाठ करून शिकवलं तर ओठ अंधारात जातात.

बोलू न शकणाऱ्या मुलासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं. चित्र दाबलं की वाक्य ऐकू येतं. त्यातली चित्रं धड्याची नसतात, म्हणून 'हो', 'नाही', 'अजून' ही बटणं धरून धड्याचे प्रश्नच तसे बेतावे लागतात.

ब्रेल पाटी, टेलर फ्रेम (अंध मुलांची गणिताची पाटी), अबॅकस यांसाठी बाजारात हिंडू नका. समग्र शिक्षा ही सरकारची शालेय योजना आणि एडिप ही दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना, यांतून ती मिळतात; तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे मागणी नोंदवा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन सोय आहे.

चुळबुळ, आणि काय घेऊ नये

फिजेट स्पिनर घेऊ नका. हात गुंततो, पण डोळेही तिकडंच जातात आणि शेजाऱ्याचेही. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बाकाच्या पुढच्या दोन पायांना जमिनीपासून १५-२० सेंटीमीटरवर ताणून बांधा. पायानं ढकलत राहता येतं, आवाज होत नाही, नजर फळ्यावर राहते. आठवड्याला गाठ तपासा. सैल झालेली ट्यूब पायात अडकते. वाळूचं घड्याळही ठेवून द्या. मूल वाळूच बघत बसतं. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर व्हाइटबोर्डच्या मार्करनं दहा मिनिटांचा भाग रंगवा.

कागदपत्रांबद्दल थोडं

वर सांगितलेल्या एकाही गोष्टीला प्रमाणपत्र लागत नाही. परीक्षेच्या सवलतींना लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन किंवा गणितातली कायमची अडचण) आहे. तिचं प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं होण्याआधी मिळत नाही, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणून दुसरीतल्या मुलाला 'आधी दाखला आणा' सांगून परत पाठवण्यात अर्थ नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा वेळ आणि लेखनिक दहावीलाच पहिल्यांदा हाती आला तर मूल गोंधळतं. लेखनिकाला 'नवा परिच्छेद', 'आकृतीला नाव दे' असं सांगण्याचा सराव सहावी-सातवीच्या चाचण्यांपासून द्यावा लागतो. ऊस तोडणीमुळे चार-पाच महिने शाळा बुडालेल्या मुलाला मात्र दाखल्याच्या रांगेत उभं करू नका. त्याला आधी बुडालेला अभ्यास हवा. कार्डं आणि मणीमाळ दोघांनाही चालतात.

खरेदीचा क्रम

पैसे थोडेच असतील तर आधी छपाई, मग मणी आणि काड्या, मग कार्डशीट व पारदर्शक शीट, शेवटी तिरकी पाटी. महाबळेश्वर-जावळी पट्ट्यातल्या शाळांनी पॉलिश पेपरऐवजी काळा वॉटर पेपर घ्यावा आणि तो रबरी चिकटद्रव्यानं लावावा. साध्या पांढऱ्या गोंदानं लावलेली अक्षरं जुलैच्या दमट हवेत कडेनं उचकटतात. कार्डं पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट लावून, जमिनीपासून वर ठेवा.